चर्चा: मागच्या बाकावर बसून गुण देणाऱ्याला काय दिसतं?

द्विशिक्षकी_शाळा
मागच्या आठवड्यात शाळाभेट झाली. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे आहेत. साहेब मागे बसले आणि मोबाइलवर निरीक्षणाचा तक्ता उघडला. बारा मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 4 गुण. टाचणात त्या दिवशी लांबी मोजणं होतं. पण आदल्या संध्याकाळी वह्या तपासल्या तर अर्ध्या तिसरीने 52 – 27 चं उत्तर 35 काढलेलं! म्हणून लांबी बाजूला ठेवून काड्यांचे गठ्ठे काढले. एकाने गठ्ठ्याचं रबर सोडलं, काड्या घरंगळल्या, चौथीची पोरं स्वाध्याय टाकून त्या वेचायला धावली. दोन मिनिटं नुसता कल्ला.

गुण असे: टाचणाप्रमाणे अध्यापन 1, वर्गनियंत्रण 2, तंत्रज्ञानाचा वापर 1 (लाइट नव्हती). अठरा मिनिटांत साहेब पुढच्या शाळेला गेले. माझं स्पष्ट मत आहे, असल्या तक्त्यावरून शिक्षक जोखणं बंद करा.

निवृत्त_केंद्रप्रमुख
बाई, तुमचा राग रास्त आहे, पण तक्त्याच्या आधीचा काळ तुम्ही पाहिलेला दिसत नाही. शेरेबहीत ‘अध्यापन समाधानकारक, फलकलेखनात सुधारणा हवी’ एवढ्यावर वर्षंच्या वर्षं निघाली. हा शेरा मीही डोळे मिटून लिहिलाय. ज्याचं साहेबांशी जमतं त्याचं ‘उत्कृष्ट’, ज्याने मीटिंगमध्ये उलट प्रश्न विचारला त्याचं फलकलेखन कायम कच्चं. तक्त्यामुळे निदान काय बघणार ते दोघांनाही आधी ठाऊक असतं. माझ्या केंद्रात 14 शाळा होत्या. पोषण आहार, गणवेश, ऑनलाइन माहिती यातून एका वर्गात वर्षात दोनदा बसता आलं तरी डोक्यावरून पाणी. दोष घाईचा आहे, तक्त्याचा नव्हे.

खडू_आणि_डस्टर
घाईचा कसा, सर? या बाईंचे गुण निदान फायलीत पडून राहतील. मी शहरातल्या खासगी शाळेत आहे, आमची वेतनवाढ त्याच आकड्यावर ठरते. त्यामुळे तारीख कळली की सगळे जण आधी शिकवून झालेला पाठच पुन्हा घेतात. परवा भर तासाला, निरीक्षक समोर असताना, एका मुलाने विचारलं, ‘टीचर, आजपण हे उत्तर मीच द्यायचं ना?’ गुण मात्र 4 पैकी 4 मिळाले. विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग!

लेस्टरहून
मी इंग्लंडमध्ये शिकवते. इथली तपासणी यंत्रणा ऑफस्टेड. 2014 पासून त्यांनी एकेका तासाला श्रेणी देणं बंद केलं. निरीक्षक वर्गात येतात, वह्या चाळतात, मुलांशी बोलतात, पण त्या तासावरून शिक्षकाच्या नावापुढे आकडा मांडत नाहीत. म्हणून ताण गेला असं कुणी समजू नये, शाळेच्या तपासणीचा धसका आहेच. पण तासभराच्या नाटकाची गरज बरीच कमी झाली.

तिसरीच्या_मुलीचा_बाबा
सगळं पटलं. मग न शिकवणारा शिक्षक ओळखायचा कसा? माझ्या मुलीचे सर खुर्चीतून उठत नाहीत, ‘पान 40 ते 42 उतरवून काढा’ म्हणून फोन बघत बसतात. गुण नकोत म्हणणाऱ्या धाग्यावर सगळे मन लावून शिकवणारेच कसे जमतात, याचं नवल वाटतं.

आकडेमोड
बाबांशी सहमत. बघणारा हवाच, पण एकच नको. अमेरिकेत गेट्स फाउंडेशनने 2009 पासून सुमारे 3000 शिक्षकांच्या तासांचा अभ्यास करवला. त्याच निरीक्षकाने आणखी एक तास बघण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने एक तास बघितला तर गुण जास्त भरवशाचे निघाले.

द्विशिक्षकी_शाळा
दुसरा निरीक्षक? आमच्या केंद्राला पहिलाच नाही. प्रभारी आहेत, त्यांच्याकडे मूळचं केंद्र वेगळं. बाबा, तुमच्या सरांना पकडायला तक्ता कशाला हवा? दारातून डोकावलं तरी पुरे. आणि तेच सर भेटीच्या दिवशी उभे राहून 3 गुण सहज घेतील.

निवृत्त_केंद्रप्रमुख
बाई, एक विचारू? ते 35 आलं कसं, हे मुलांना विचारलंत का? कारण 35 दोन वाटांनी येतं. काही मुलं लहान अंकातून मोठा जात नाही म्हणून उलट करतात, 7 मधून 2. काही जण दशक सुटा करून 12 मधून 7 बरोबर काढतात, पण पाचाचे चार करायला विसरतात. उत्तर एकच, चूक निराळी. पहिल्याला काड्या हव्यात. दुसऱ्याला काड्या कळलेल्या असतात, तो फक्त मांडणीत घसरतो.

द्विशिक्षकी_शाळा
नाही विचारलं सर. सगळ्यांना सरसकट काड्याच दिल्या.

खडू_आणि_डस्टर
आणि हे त्या बारा मुद्द्यांत कुठेच नव्हतं!

निवृत्त_केंद्रप्रमुख
नव्हतं, मान्य. पण मागच्या बाकावर कुणी बसलंच नाही तर तेही कोण विचारणार?

द्विशिक्षकी_शाळा
सोमवारी एकेकाला जवळ बोलावून विचारलं. नऊ जणांचं 35 होतं. सहा उलटवाले, दोन विसरलेले. एकाने शेजारच्याचं बघून लिहिलं होतं.