नम्रतेला दहापैकी किती?

नगरकर_७४
गेल्या आठवड्यात आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक तक्ता आला. रोज झोपताना स्वतःला दहापैकी मार्क द्या, प्रार्थना किती, क्षमा किती, नम्रता किती. तीन रात्री इमानदारीत भरला. तिसऱ्या रात्री नम्रतेला आठ दिले तर बायको म्हणाली, पेपर तपासला कुणी? तेव्हा घोळ लक्षात आला. तीन दिवस मी डोळे मिटून प्रभूकडे नाही तर माझ्याच प्रार्थनेकडे बघत होतो, मन लागतंय का, आता लागलं का. येशूच्या दाखल्यातला तो परूशी, म्हणजे कर्मठ धर्मनिष्ठ, मंदिरात हेच करत होता ना, उपास आणि दशमांशाचा हिशोब देवालाच वाचून दाखवत. सगळे ज्याला पापी म्हणत तो जकातदार बिचारा मान वर न करता देवाशी बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला.

शिवणकाम
तो तक्ता मीच टाकला होता. नाव घेतलं नाहीत, उपकार झाले. प्रभुभोजनाच्या विधीआधी पाळकसाहेब काय वाचतात, माणसाने स्वतःची परीक्षा करावी हेच ना? आमचे मिस्टर शनिवारी पिऊन यायचे आणि रविवारी सगळ्यात मोठ्या आवाजात गायचे. देवाकडेच बघत होते ते! घरात काय मोडलंय ते बघायची वेळ आली की लगेच हात वर, हालेलुया. सुटली कधी, तर रोज वहीत लिहायला लागले तेव्हा. आज प्यायलो. आज पोरीवर हात उगारला. नऊ वर्षं झाली, वही अजून माझ्या कपाटात आहे.

पापडीचा_पोरगा
ताईंचं बरोबर, पण आमच्या कॅथलिकांकडे संत इग्नाशियसचं रात्रीचं आत्मपरीक्षण असतं त्यात आधी आभार मानायचे, देवाकडे प्रकाश मागायचा, मग दिवस तपासायचा. मार्कांचा कॉलम नाही. नाहीतर तुमच्या प्रोटेस्टंटांच्या ल्यूथरसारखं होतं, मठात तासन्‌तास कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, करायचा तरी समाधान नाही. शेवटी त्याचे वरिष्ठ श्टाउपित्स वैतागले, म्हणाले ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. सांगणारा कॅथलिकच होता बरं का 😄

नगरकर_७४
"तुमचा ल्यूथर" म्हणजे? आम्ही प्रोटेस्टंट खरे, पण ल्यूथरन नाही, अमेरिकन मराठी मिशनवाले. पण मुद्दा माझाच सांगितलात. येशूकडे पाण्यावरून चालत जाताना त्याचा शिष्य पेत्र, त्याची नजर हलली तसा तो बुडायला लागला.

पेटीवाला
पेत्राने वाऱ्याकडे बघितलं, स्वतःकडे नाही. वचन नीट वाचा. आणि तक्त्याचं काय घेऊन बसलात, खरा रोग गाण्यांत आहे. परवाच्या उपासनेत मोजलं, एका गाण्यात मी-मला-माझं १७ वेळा आणि येशूचं नाव दोनदा. आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गेली कुठे? पेटी कपाटात आणि स्टेजवर धुराचं मशीन.

ड्रमवाला_भाऊ
काका उपासनेत बसून मोजणी करत होतात? मग देवाकडे कोण बघत होतं 🙏 बायबलच्या ५१ व्या स्तोत्रात, पश्चात्तापाच्या, "माझे" किती ते पण मोजा एकदा. टिळक म्हणायचे ना तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, मग तुकोबांइतकं स्वतःला फैलावर घेणारा दुसरा दाखवा.

पेटीवाला
तुकोबांचा "मी" विठ्ठलाच्या पायाशी पडलेला असतो, तुमचा एलईडी स्क्रीनसमोर उड्या मारतो. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार हा भक्तांचा संघ काढला, तुम्ही काय काढता तर साऊंडसाठी वर्गणी.

ड्रमवाला_भाऊ
त्या वर्गणीत तुमचे किती आले, लिहू इथे?

नगरकर_७४
अरे पैशावर कुठे आलात. धागा काय होता!

शिवणकाम
भांडू द्या त्यांना. नम्रतेचा कॉलम काढते, तेवढं पटलं, बाकीचे राहणार. पण तुमचा तो जकातदार ऊर बडवत काय म्हणत होता? मी पापी आहे, दया कर. मग तो बघत कुठे होता?

नगरकर_७४
बरं बाई, दोन्हीकडे. अर्धा मुद्दा तुमचा. मार्क मात्र त्याने दिले नाहीत.

पेटीवाला
मी शनिवारी पेटी बाहेर काढतोय. भाता फाटलाय. नगरात कुणी दुरुस्तीवाला आहे का ओळखीचा?

ड्रमवाला_भाऊ
आहे एक. नंबर पाठवतो. वर्गणी लागली तर सांगा 😏