जुना स्कायडायव्हिंग रिग घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. लहानपणी कृष्णेत पुलावरून उड्या मारल्या, आता विमानातून मारतो. आईच्या मते अक्कल तेवढीच राहिली आहे. स्पेनमध्ये कोर्स केला, आतापर्यंत 38 उड्या झाल्यात.

ओळखीतला एकजण वापरलेला रिग, म्हणजे पाठीवर बांधायचा पॅराशूटचा पूर्ण संच, विकतोय. मुख्य पॅराशूट चांगलं दिसतं, पण रिझर्व्हची, म्हणजे राखीव पॅराशूटची, घडी शेवटची कधी घातली याचं कार्ड तो ‘शोधून देतो’ म्हणतोय. महिना झाला. अमेरिकेत ही घडी दर 180 दिवसांनी प्रमाणित रिगरकडूनच, म्हणजे पॅराशूटच्या तज्ज्ञ कारागिराकडूनच, घालून घ्यावी लागते. आत सायप्रेस आहे, म्हणजे माणूस बेशुद्ध पडला तरी साधारण 750 फुटांवर रिझर्व्ह उघडणारं यंत्र. त्याची मुदत संपलीय का, हे कसं तपासायचं? कार्ड नाही तर सौदा नाही, असं मन सांगतं. किंमत मात्र मोहात पाडते. पुण्या-मुंबईकडे कुणी रिगर माहीत आहे का?

शिवाय मित्र रीलसाठी हेल्मेटवर गोप्रो लाव म्हणून मागे लागलेत. 200 उड्यांआधी कॅमेरा नको, ही अमेरिकन पॅराशूट असोसिएशनची शिफारस मला पटते. दोरी कॅमेऱ्यात अडकली तर? प्रशिक्षकानं काढलेला व्हिडिओ टाकायचा तर त्याला विचारावं लागतं ना?