लॅब्राडूडल घ्यावं का?

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत राहतोय, पोरीला ॲलर्जी हाय, लॅब्राडूडल कुत्र्याचे केस गळत नाहीत म्हणं, घेऊ का?

पन्हाळकर: भावा, ॲलर्जी होणारच नाही अशी गॅरंटी कोण देत असंल तर विश्वास ठेवू नको. लॅब्राडॉर-पूडलचं क्रॉस हाय, एकाच वेतातली पिल्लं पण वेगवेगळी निघतात. आधी पोरीला त्या पिल्लाजवळ आणि त्याच्या आईजवळ तासभर बसवून बघ.

रंकाळावाला: केस कमी गळतात पण कानामागं, काखेत केसांच्या गुठळ्या होतात, ब्रश पार कातडीपर्यंत न्यावा लागतोय आणि आपल्याकडच्या पावसात कान ओले राहिले की इन्फेक्शनला आमंत्रणच, फिरून आलं की लगेच पुसायचं. रोज दोन टाइम दमवावं पण लागतंय.

शाहूपुरीची ताई: पिल्लाच्या आईबापाच्या हिपचा (खुब्याच्या सांध्याचा) एक्सरे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून अजिबात आणू नका.