बीएमआय कसा काढता, कसा वाचता? – अनुभव धागा

शिबिरात किंवा जिममध्ये बीएमआयचा (बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा) आकडा हातात पडतो, पण तो कसा वाचायचा हे कुणी सांगत नाही. पुण्यात रोज हे काम करणाऱ्यांनी नेमकं लिहावं, ही विनंती.

आहारतज्ज्ञ, कोथरूड
किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १६५ सेंमी, वजन ६४ किलो असेल तर १.६५ × १.६५ = २.७२ आणि ६४ ÷ २.७२ = २३.५. मोबाइलवरची बरीच अ‍ॅप्स याला नॉर्मल म्हणतात, कारण त्यांची जादा वजनाची रेषा २५ ला असते. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. म्हणजे या उंचीला साधारण ५० ते ६२ किलो बरं. अ‍ॅपमधला तक्ता कुठला, हे आधी बघा.

परिचारिका, हडपसर
घोळ उंचीतच होतो. चपला काढा, अंबाडा सोडा, टाचा भिंतीला टेकवा, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याची वही भिंतीला काटकोनात धरून दुसऱ्याने खूण करावी. दोन सेंटीमीटर चुकले तरी वरच्या उदाहरणात २३.५ चा २४.१ होतो. वजनकाटा फरशीवर ठेवा. सतरंजीवर तो भरवशाचा राहत नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा.

मधुमेहतज्ज्ञ, सदाशिव पेठ
रेषा खाली का आणली, याचं एक उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के! हे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, अशा माणसाला ‘तुम्ही तर बारीक आहात’ म्हणून साखर न तपासता परत पाठवू नका, ही कळकळीची विनंती. कंबर मोजाच: पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंमीच्या आत हवी.

व्यायाम प्रशिक्षक, सिंहगड रोड
तालमीतल्या पैलवानाला हा आकडा लावू नका. स्नायूंचं वजनही त्यात धरलं जातं.

बालरोगतज्ज्ञ, औंध
मुलांना मोठ्यांचा तक्ता अजिबात नको. वय आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे वेगळे आलेख असतात. गरोदरपणातही त्या वेळचं वजन धरून हा हिशेब करत नाहीत.

परिचारिका, हडपसर
डॉक्टरांनी कंबरेचं लिहिलंय म्हणून: पँटचा पट्टा बसतो तिथे मोजू नका, पोट त्याच्या वर लोंबत असतं. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपा, दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरा, श्वास सहज सोडून झाला की वाचा. पोट आत ओढायचं नाही.