शब्दचर्चा: अमेरिकेतली ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ म्हणजे वटहुकूम का?

कोरा कागद
अमेरिकेच्या अध्यक्षांनी सही केलेल्या ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’साठी मराठी बातम्यांत कधी वटहुकूम, कधी अध्यादेश, तर कधी कार्यकारी आदेश असं छापून येतं. उदाहरणार्थ, 20 जानेवारी 2025 चा जन्मसिद्ध नागरिकत्वाबाबतचा आदेश, क्रमांक 14160. भाषांतर करताना यातला कोणता शब्द धरावा?

सातवा मजला
वटहुकूम आणि अध्यादेश एकच. पहिला बोलण्यातला, दुसरा राजपत्रातला. आणि दोन्ही इथे चूक.

आपल्याकडे संसदेचं अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती अनुच्छेद 123 खाली अध्यादेश काढतात, राज्यात राज्यपाल 213 खाली. त्याला कायद्याइतकंच बळ असतं, त्यामुळे चालू कायद्यात दुरुस्तीही करता येते. पण अधिवेशन पुन्हा सुरू झालं की तो सभागृहापुढे ठेवावा लागतो आणि सहा आठवड्यांत कायदा झाला नाही तर गळून पडतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणजे अध्यादेशाचं कमाल आयुष्य साधारण साडेसात महिने.

ही मुदत चुकवायला तोच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढायची युक्ती बिहारने वापरली होती. 1967 ते 1981 या काळातले असे 256 अध्यादेश पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी शोधून काढले. काही तर चौदा वर्षं जिवंत ठेवले होते. त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये हा प्रकार घटनेशी केलेली लबाडी ठरवला.

अमेरिकेच्या अध्यक्षांना असा अधिकारच नाही. त्यांच्या आदेशाला मुदत नसते, काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरीही लागत नाही, कारण तो कायदा नसतोच. घटनेने किंवा आधीच्या कायद्याने जे अधिकार दिलेत ते कसे वापरायचे, हे हाताखालच्या खात्यांना सांगणारा तो हुकूम. वटहुकूम लिहिलं की वाचक ‘आता काँग्रेसमध्ये काय होणार’ याची वाट बघत बसतो.

पूर्णविराम
सामान्य वाचकाला वटहुकूम म्हणजे ‘वरून आलेला हुकूम’ एवढंच कळतं. घटनेची कलमं कोण बघतंय? शब्द रुळलेला आहे, राहू द्या की.

सातवा मजला
रुळलाय म्हणूनच अडचण. जानेवारी 2024 मध्ये वाशीला मराठा आंदोलकांच्या हाती ‘सगेसोयरे’चा कागद पडला, तेव्हा सगळीकडे ‘अध्यादेश निघाला’ असंच झालं. प्रत्यक्षात ती नियमदुरुस्तीच्या मसुद्याची अधिसूचना होती, 16 फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवणारी. मसुदा आणि अंमलात आलेला कायदा यांतला फरक त्या एका शब्दाने पुसला आणि पुढे ‘अध्यादेश काढला तर अंमलबजावणी का नाही’ हा वाद उभा राहिला.

अमेरिकेतलं उदाहरण याहून सरळ आहे. 1952 च्या एप्रिलमध्ये ट्रुमन यांनी आदेश क्रमांक 10340 काढून पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले. कोरियात युद्ध चालू, कामगारांचा संप तोंडावर. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी तो रद्द ठरवला: अशी जप्ती करायची तर कायदा हवा, आणि कायदे करणं काँग्रेसचं काम. वटहुकुमाचा अधिकार असता तर ट्रुमन यांनी तोच वापरला नसता का?

खडूफळा
आपल्याकडचा जवळचा नातेवाईक म्हणजे शासन निर्णय, अर्थात जीआर. त्याच्या तळाशी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असतं आणि वर संदर्भात आधीचे निर्णय व अधिनियम. अमेरिकेतल्या आदेशाची पहिलीच ओळ ‘राज्यघटनेने व अमुक कायद्यांनी मला दिलेल्या अधिकारानुसार’ अशा अर्थाची असते. ती ओळ आधी वाचावी. आदेश कोर्टात टिकेल की नाही, याचं निम्मं उत्तर तिथेच असतं. मात्र भाषांतरात ‘शासन निर्णय’ घालू नये, वाचकाला थेट मंत्रालय दिसेल.

पूर्णविराम
ठीक, वटहुकूम सोडला. पण ‘कार्यकारी’ म्हटलं की मला कार्यकारी अभियंता आठवतो. ‘अध्यक्षीय आदेश’ का नको?

सातवा मजला
कारण अध्यक्ष सही करतात तो प्रत्येक कागद एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नसतो. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावणारा 19 सप्टेंबर 2025 चा कागद ही ‘प्रोक्लमेशन’ होती, म्हणजे उद्घोषणा. परदेशी व्यक्तींचा प्रवेश रोखण्याचा जो अधिकार स्थलांतर कायद्याने अध्यक्षांना दिलाय, त्याच्या आधारे काढलेली, बारा महिन्यांच्या मुदतीची. तिसरा प्रकार मेमोरँडम, त्याला ‘ज्ञापन’ चालेल. ‘अध्यक्षीय आदेश’ ही या तिघांवरची छत्री ठेवा, नेमका प्रकार माहीत नसेल तेव्हा उपयोगी. माहीत असेल तर ‘अध्यक्षांचा कार्यकारी आदेश’. नुसतं ‘अध्यक्षांचा आदेश’ लिहिलं तर आपल्याकडे विधानसभा अध्यक्ष डोळ्यांपुढे येतात.

खडूफळा
क्रियापदांतही गोंधळ होतो. नवा अध्यक्ष जुना आदेश ‘रद्द करतो’, त्याला एक सही पुरते. काँग्रेस कायदा करून तो ‘निष्प्रभ करते’, पण त्या विधेयकावर अध्यक्षच नकाराधिकार वापरणार. मग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवा, म्हणून हे क्वचितच घडतं. न्यायालय ‘स्थगिती देते’ किंवा ‘घटनाबाह्य ठरवते’. 27 जून 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फक्त एवढाच होता की, खालच्या न्यायालयांना देशभर लागू होणारी स्थगिती देता येते का. आदेश 14160 वैध की अवैध, हे त्या दिवशी ठरलंच नव्हतं. तिथे ‘नागरिकत्वाच्या आदेशाला हिरवा कंदील’ असा मथळा धादांत चूक.

कोरा कागद
मग ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ला परराष्ट्र सचिव लिहिलेलं दिसतं, तेही बदलायचं का?

सातवा मजला
बदलाच. आपला परराष्ट्र सचिव सनदी अधिकारी असतो. त्यांचा सेक्रेटरी अध्यक्षांच्या मंत्रिमंडळातला, म्हणून परराष्ट्रमंत्री. फक्त त्याला ‘खासदार’ म्हणू नका. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहात निवडून यावं लागतं किंवा नियुक्त व्हावं लागतं, तिथे मंत्री व्हायचं तर काँग्रेसची जागा सोडावी लागते.