'एन महरीद' : निर्भय म्हणावं का?

बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ४:४ या वचनावर टिपण लिहितोय. प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलाखाली, आपापल्या अंजिराखाली बसेल, आणि पुढे हिब्रूत दोनच शब्द : 'एन महरीद'. मी 'लोक निर्भय होतील' असं लिहिलंय. चालेल का?

उत्तर १
नको. वाघ समोर उभा असतानाही माणूस निर्भय असू शकतो. 'हरद' म्हणजे थरथरणे आणि 'महरीद' हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे थरकाप उडवणारा. 'एन' म्हणजे नाही. भिवविणाराच उरला नाही, असा तो अर्थ. मीखा माणसांना धीट करत नाहीये. आधीच्याच वचनात तलवारी ठोकून नांगराचे फाळ झालेत, मग भिववणार कोण? 'अभय'ही मला पटत नाही. ते द्यायला कोणीतरी वर बसलेला लागतो.

मूळ प्रश्नकर्ता
मग 'सुरक्षित' लिहू?

उत्तर १
त्याला वेगळा शब्द आहे, 'बेतह'. बायबलच्याच '१ राजे' या पुस्तकात, ४:२५ मध्ये, शलमोन राजाच्या काळात दानपासून बैर-शेबापर्यंत, म्हणजे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लोक असेच वेलीखाली, अंजिराखाली राहिले, तिथे तो येतो. त्याच धातूपासून भरवसा ठेवणे हे क्रियापद होतं. म्हणून तिथेही 'सुरक्षित' मला कोरडा वाटतो, कुंपण घातल्यासारखा. आमची आजी पावसाळ्यात गडगडायला लागलं की म्हणायची, "बिनघोर झोप, मी जागी आहे." बेतह म्हणजे ती झोप. बिनघोर लिहा.

उत्तर २
एक भर घालतो. 'एन महरीद' दर वेळी सुखाचंच असतं असं नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातला २८:२६ मधला शाप पाहा : तुमची प्रेतं पाखरं नि जनावरं खातील, आणि त्यांना 'एन महरीद'. तिथला महरीद म्हणजे पाखरं हाकणारा. शेताच्या माळ्यावर गोफण घेऊन बसतो, तसा. तोही उरलेला नाही. तेच दोन शब्द, पण मराठीत तिथे 'हाकायलाही कोणी नसेल' असंच म्हणावं लागेल.

आणि २ राजे १८ जरूर वाचा. इ.स.पू. ७०१, अश्शूरची फौज यहूदात, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्यात, शिरलेली. अश्शूरचा राजा सन्हेरीब याचा अधिकारी रब-शाके यरुशलेमच्या तटावरच्या लोकांना त्यांच्याच बोलीत ओरडून सांगतो : शरण या, मग ज्याने त्याने आपल्या वेलीची द्राक्षं खावी, आपल्या झाडाचे अंजीर खावेत, आपल्या विहिरीचं पाणी प्यावं. लगेच पुढे, 'मी येऊन तुम्हाला दुसऱ्या देशात नेईपर्यंत'. वेल आली, अंजीर आलं, वर पाणीसुद्धा आलं. 'एन महरीद' तेवढं नाही. तो कसं म्हणेल? महरीद तोच होता.

मूळ प्रश्नकर्ता
हे लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार. 'निर्भय' खोडलं. आता असं लिहितो : 'आणि त्यांना भिवविणारं कोणी असणार नाही.'