13 फुटी होडीला ट्रोलिंग मोटर किती पौंडाची घ्यावी?

खाडीवेडा:
मंडळी, सल्ला हवा आहे. कर्ली खाडीत नेरूरपारजवळ आमची 13 फुटी फायबरची होडी असते. मी आणि धाकटा भाऊ गळ घेऊन तांबोशी, चोणकाच्या मागे असतो. आजवर वल्ह्यावर भागलं, आता 12 व्होल्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, लावायची आहे. पेट्रोलचं इंजिन नको, उथळ पाण्यात त्याच्या आवाजाने मासा बिथरतो. होडी 110 किलो, आम्ही दोघे 150, बॅटरी आणि सामान 60. दुकानदार म्हणतो 30 पौंड पुरेल, मित्र म्हणतो 55 च्या खाली बघूच नको. काय घेऊ?

तळ्याकाठी:
मी मिनेसोटात असतो. इथल्या तळ्यांवर या मोटरी सर्रास दिसतात. ढोबळ नियम असा, की भरलेल्या होडीच्या दर 45 किलोंमागे 2 पौंड जोर. तुमचे 320 किलो, म्हणजे 15 च्या आत. वारा धरून दुप्पट केलंत तरी 30. दुकानदार चुकीचं सांगत नाहीये, पण त्याचा हिशेब शांत पाण्याचा आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. पौंड हा ढकलण्याचा जोर आहे, वेग नाही. तुमच्या हलक्या होडीला 30 लावा की 55, ताशी 5-6 किमीच्या पुढे ती फारशी जाणार नाही. या मोटरींचा पंखाच संथ चालीसाठी बनवलेला असतो. जास्त पौंड कामी येतात ते वाऱ्यात होडीचं तोंड धरून ठेवायला.

देवबागचो:
कर्लीत वाऱ्यापेक्षा पाण्याची ओढ बघा. समजा, उधाणाच्या ओहोटीला पाणी ताशी 4 किमीने बाहेर ओढतंय आणि तुम्ही खाडीच्या तोंडाशी असलेल्या देवबागच्या बाजूने घरी परतताय. मोटर पाण्यात 6 ची चाल देते, काठाच्या हिशेबाने तुम्ही 2 नेच सरकताय. 3 किमी यायला दीड तास, तोही पूर्ण वेगावर. 45 पौंडांची मोटर पूर्ण वेगाला 45 अँपिअरच्या आसपास खाते. लेड-अ‍ॅसिडची 100 अँपिअर-तासाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हाताशी 50. तासाभरात बॅटरी संपली आणि घर अजून किलोमीटरभर लांब. 55 पौंडवाली घेतलीत तर ती अजून लवकर संपेल.

म्हणून मोटरीआधी भरती-ओहोटी ठरवा, भावांनो. तुम्ही आतल्या अंगाला राहता, तेव्हा ओहोटीबरोबर खाली या, ओहोटी सरून पाणी थांबलं की गळ टाका आणि भरती लागली की तिच्याबरोबर वर चढा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात ती आपली जुनी रीत, चतुर्थीला तीनच्या सुमारास. तो अंदाज झाला, निघायच्या दिवशी तक्ता बघाच. खाडीत आत भरती उशिरा पोचते तेही धरा. सुरुवातीला भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा, तेव्हा ओढ कमी असते. आणि वल्हं घरी ठेवू नका. लाइफ जॅकेट दोघांनाही, अंगात घातलेलं.

खाडीवेडा:
हा हिशेब कोणी सांगितलाच नव्हता. मग 30 बाद. 45 की 55? आणि घरात इन्व्हर्टरची बॅटरी आहे, ती चालेल का?

वायरिंगवाला:
इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी होडीत नको. 150 अँपिअर-तासवाली पन्नास किलोच्या वर जाते आणि होडी कलली की आम्ल सांडतं. गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर जोरदार करंट द्यायला असते, तासन्‌तास उपसलीत तर लवकर मरते. ई-रिक्षाची परवडते, पण तीही तीसेक किलो आणि आम्ल तिच्यातही असतं. ती घेतलीत तर खोक्यात घट्ट बसवून पट्ट्याने बांधा. पैसे निघत असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेट 100 वाली घ्या, साधारण 12 किलो आणि त्यातले 80-90 बिनधास्त वापरता येतात. देवबागचोंच्या त्याच दीड तासाला ती पुरते.

मोटर 55 घ्या, पण पाच टप्प्यांच्या स्विचची नको, वेग सलग कमीजास्त होणारी घ्या. टप्प्यांच्या मोटरीत कमी वेगालाही करंट उष्णतेत वाया जातो. सलग वेगवाली संथ चालवली तर 45 पौंडवालीइतकीच खाते, वर जोर राखीव राहतो. बॅटरीजवळ 60 अँपिअरचा ब्रेकर आणि 16 चौरस मिमीची तांब्याची केबल. बारीक वायर तापते आणि मोटरीला 12 व्होल्ट पोचतच नाहीत.

देवबागचो:
55 ला माझाही होकार. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच घ्या, जस्ताचा तुकडा लावलेली. गोड्या पाण्यातली मोटर खाडीत टिकत नाही. दांडा एवढा लांब हवा की लाटेतही पंख्यावर वीतभर पाणी राहील, नाहीतर पंखा हवा ओढतो. मागच्या फळीची उंची मोजून मगच ऑर्डर द्या.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. अधूनमधून नट सोडून पंखा काढा आणि मागे दांड्यावर तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलाय का बघा. बारीक तंगूस दिसतही नाही, पण सील कापतो आणि खारं पाणी थेट मोटरीत शिरतं.

खाडीवेडा:
ठरलं. 55, सलग वेगाची, खाऱ्या पाण्याची, लिथियम 100. फळीची मापं उद्या घेतो आणि दांड्याची लांबी विचारायला इथेच येतो.

तळ्याकाठी:
मापं होडी भरलेली असताना घ्या. दोघे आत बसलात की ती बोटं-दोन बोटं खाली जाते.